तारांकित वाङ्मय

मराठी समीक्षकांनी ज्याची दखल घेतली नाही असा वाङ्मयप्रकार शोधून सापडायचा नाही. कथा झाली, कादंबरी झाली, नवकविता झाली, दिवाळी अंकांतली राशिभविष्येसुद्धा झाली. पाककृतींच्या पुस्तकांवरही कुणीतरी प्रबंध लिहून डॉक्टर झालेला असेल. पण जो प्रकार सर्वांत जास्त मराठी माणसे वाचतात, ओळ न् ओळ वाचतात, एकदा वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचतात आणि वाचताना खरोखर रडकुंडीला येतात, त्याच्याकडे मात्र एकाही समीक्षकाचे लक्ष गेलेले नाही. तो प्रकार म्हणजे अर्ज. त्यातही ऑनलाइन अर्ज.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. सांगतो. मी मालवणजवळच्या एका वाडीत राहतो. मास्तरकीतून निवृत्त झालो. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यांना जेवूखाऊ घालतो आणि मागच्या सड्यावर हापूसची आठ-दहा कलमे राखून आहे. म्हणजे पेन्शन, पर्यटन, अन्न आणि शेती अशा चार खात्यांचा मी एकाच जन्मी अर्जदार आहे. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. त्यामुळे पाहुण्याला सोलकढी मिळण्याआधी मला त्याचा व्हिसा नंबर पाठ होतो. शिवाय ‘मास्तरांक इंग्लिश येता’ अशी जी एक अफवा वाडीत आहे, तिच्यामुळे अर्ध्या वाडीचे अर्ज माझ्याच ओट्यावर भरले जातात. तेव्हा मी कादंबऱ्यांपेक्षा अर्ज जास्त वाचलेले आहेत, आणि काही अर्ज कादंबऱ्यांपेक्षा लांब होते.

अर्ज म्हणजे काही कालची गोष्ट नव्हे. आपल्या महसूल खात्याकडे गाव नमुना एकपासून एकवीसपर्यंत सगळा संच आहे. त्यातला नमुना सात आणि नमुना बारा एका कागदावर आले आणि त्याला आपण ‘सातबारा’ म्हणू लागलो. याला मी अभिजात वाङ्मय म्हणतो. एका पानात जमीन, मालक, पीक, कर्ज आणि भाऊबंदकी! आमच्या कोकणातल्या सातबाऱ्यावर तर इतकी नावे असतात की तेवढ्या पात्रांत महाभारताचा एखादा लहानसा खंड सहज बसावा. त्यातले निम्मे मुंबईला, काही वैकुंठाला, आणि संमती मात्र सगळ्यांची हवी.

कागदी अर्जाचा एक गुण मला आता उतारवयात फार मोठा वाटू लागला आहे. त्याला समास होता. रकान्यात मावले नाही तर बाजूला लिहिता यायचे. ‘वडील १९६१ साली वारले, दाखला सापडत नाही, पाटलांना माहीत आहे’ असे आडवे-उभे काहीही तिथे मावायचे. कारकून चष्म्यावरून बघायचा, कुरकुरायचा, पण वाचायचा. ऑनलाइन अर्जाला समास नाही. त्याला लाल चांदणी आहे. विधानसभेत तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्र्यांनी उत्तर द्यायचे असते. अर्जातल्या तारांकित प्रश्नांना आपण द्यायचे असते. लोकशाहीचे वर्तुळ अशा रीतीने पूर्ण होते.

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळू. ऑनलाइन अर्जाची सुरुवात बहुतेक नायकाच्या नावाने होते. पहिले नाव, मधले नाव, आडनाव. इथपर्यंत सगळे गोड असते. मग ‘गावाचे नाव निवडा’ येते आणि संघर्षाला तोंड फुटते. आमच्या मालवणचे इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी होते. कुणी ‘व्ही’ घालतो, कुणी ‘डब्ल्यू’. आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे, आणि यंत्राच्या मते ही दोन वेगळी गावे. १६६४ साली ज्या गावासमोर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ते गाव नक्की कोणते याबद्दल इतिहासकारांना शंका नाही. शंका फक्त सर्व्हरला आहे.

पुढे पत्ता. ‘घर क्रमांक, रस्ता, गल्ली.’ आमच्या वाडीत गल्ली नाही. पाणंद आहे, पण ती पावसाळ्यात व्हाळ होते. तेव्हा माझा पत्ता ऑक्टोबर ते मे या काळात एक आणि जून ते सप्टेंबर दुसरा असायला हरकत नाही. परंतु याच ठिकाणी, वाळवंटात ओॲसिस लागावे तशी, सहा चौकोनांची एक ओळ येते. पिनकोड. आमचा ४१६६०६. माझ्या मते अर्जवाङ्मयात पिनकोडाइतकी सुंदर ओळ दुसरी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याला दिले जाते. हे गृहस्थ संस्कृतात काव्ये-नाटके लिहीत. मला याचे नवल वाटत नाही. अनुष्टुभाची सवय असलेल्या माणसालाच सहा अक्षरांत सगळा देश बसवणे सुचणार. सारख्या नावाची गावे अनेक, पत्ते लिहिणारे नाना भाषांचे, अक्षर एकेकाचे असे की ते त्याचे त्यालाच लागू नये. या साऱ्या गोंधळाबद्दल त्यांनी लोकांना दोष दिला नाही. ‘आधी स्पेलिंग सुधारा, मग पत्र पोचवू’ असे म्हटले नाही. पत्ता हवा तसा लिहा, फक्त हे सहा आकडे घाला, बाकी आम्ही बघून घेतो! सुधारणा म्हणतात ती याला. ‘बाकी आम्ही बघून घेतो’ हे वाक्य त्यानंतर कुठल्या अर्जात माझ्या वाचनात आलेले नाही.

पत्त्यानंतर येते ते सत्त्वपरीक्षेचे प्रकरण. तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. या प्रकाराला कॅप्चा म्हणतात आणि तो अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्वानांनी नावारूपाला आणला. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पण ‘ज्या चौकोनांत ट्रॅफिक सिग्नल आहे ते निवडा’ असे म्हटल्यावर आमच्या वाडीतल्या माणसाने काय करावे? वाडीला सिग्नल नाही. ‘आगीच्या बंबाचा नळ ओळखा’ म्हटले तर प्रश्नच मिटला. अमेरिकेतल्या फुटपाथावरची ती बुटकी लाल वस्तू इथे बहुतेकांना पिंडीसारखी दिसते. माणूसपण सिद्ध करायचे तर बांगडा आणि तारली यांतला फरक विचारा. यंत्र नापास होईल आणि आमची पोरेही पास होतील.

यातून सुटलात की मग ओटीपी. तो तीस सेकंदांत किंवा दोन मिनिटांत यायचा असतो, आणि येतोही. पण रेंज असेल तिथे. आमच्याकडे रेंज घरात नाही, सड्यावर आहे. मग संगणकापाशी मी, माडाशी शेजारीण आणि सड्यावर मोबाइल घेऊन तिचा मुलगा अशी मोर्चेबांधणी करावी लागते. ‘काकानू, ओटीपी इलो!’ ही आरोळी सड्यावरून निघते, मधल्या दोन कुत्र्यांना ओलांडून माझ्यापर्यंत पोचते आणि मी शेवटचा आकडा घालतो तोवर पडद्यावर ‘आपली वेळ संपली आहे’ असे आलेले असते. या एका वाक्यात ग्रीक शोकांतिका आहे. वेळ संपली म्हणजे नुसता ओटीपी जात नाही. पहिल्या पानावरच्या नावापासून सगळे जाते. नायकासकट कथानक पुसले जाते. जगातल्या कुठल्याही लेखकाने वाचकाला इतकी मोठी शिक्षा दिलेली नाही.

अर्जाचा खरा दोष मात्र व्यक्तिरेखाटनात आहे. अर्ज लिहिणाऱ्याला माणूस एकच प्रकारचा माहीत असतो: एक नाव, एक घर, एक मोबाइल, एक मालकी. आमच्या किनाऱ्यावर रापण आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. ते एकट्याचे नसते, कितीतरी जणांचे मिळून असते. माशांचे वाटे होतात. एका योजनेच्या अर्जात ‘जाळ्याच्या मालकाचे नाव’ अशी तारांकित ओळ होती, आणि नाव एकच मावत होते. रापणकर मंडळी माझ्या ओट्यावर बसली आणि तासभर विचार केला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, ‘मास्तरानू, समुद्राचा नाव घाला. आधार कार्ड तेवढा मागू नको म्हणाव.’ देवाच्या जमिनींचे तसेच. कायद्याने आपल्याकडे देव मालक होऊ शकतो. देवराया देवाच्या नावावर आहेत. पण ‘मालकाचा मोबाइल क्रमांक’ या ओळीशी देवही थांबतो.

आता या अर्जांच्या सुधारित आवृत्त्यांविषयी. अधूनमधून एखादे संकेतस्थळ दोन दिवस बंद राहते आणि ‘नव्या स्वरूपात’ परत येते. नव्या स्वरूपात निळा रंग जाऊन भगवा किंवा हिरवा येतो, वरती एक हसणारा शेतकरी येतो आणि कोपऱ्यात ‘मी आपली काय मदत करू?’ म्हणणारी एक बाहुली येते. बाहुलीला मी विचारले, ‘सहहिस्सेदार बारा आहेत, रकाने दहा आहेत, काय करू?’ ती म्हणाली, ‘कृपया आपला प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा.’ मी दोन हिस्सेदार वेगळ्या शब्दांत कसे मांडू?

या सगळ्या प्रकाराला वरच्या वर्तुळात ‘अनुपालन’ म्हणतात. आमच्या शेजाऱ्यांना वाटले, कुक्कुटपालन, मधुमक्षिकापालन तसेच हेही. अनुदान किती मिळते म्हणून ते विचारायला आले. त्यांना सांगितले की यात पाळायचे आपणच असते आणि अंडे सरकारकडे जाते. २०२३ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी एकोणचाळीस हजारांहून अधिक अनुपालने कमी केल्याचे सांगितले. मी आकडा ऐकून हादरलो. कमी केली ती इतकी, तर मुळात होती किती? आणि तरीही माझ्याकडे भरायला उरतात, म्हणजे या देशाची सुबत्ता अफाट आहे.

समीक्षकाने गुणांचाही उल्लेख करावा अशी प्रथा आहे, आणि इथे ती मनापासून पाळतो. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी आली. तिथे माणूस स्वतःविषयी सांगेल ते मान्य, कागद चढवायचे नाहीत. शेजारणीच्या कोकम सरबताची नोंदणी इतक्या लवकर झाली की ती मला म्हणाली, ‘खरी झाली मा?’ सरकारने विश्वास ठेवला की लोकांना संशय येतो, एवढी आपली सवय! १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, आणि तलाठीभाऊंच्या गैरहजेरीतही. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले ते बोटाच्या ठशावर आणि डोळ्यांवर. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यात चेहरा ओळखण्याची सोय आली. तेव्हा सुधारणा होतच नाहीत असे कुणी म्हणू नये. जिथे कुणीतरी अर्जदाराच्या बाजूला बसून विचार केला, तिथे त्या झाल्या आहेत.

बोटाचा उल्लेख आलाच आहे, तर आमच्या मावशीचे सांगतो. ती माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या वाडीची. चाळीस वर्षे बाजारात मासे विकले, कापले, खारवले. मीठ, बर्फ आणि सुरी यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून टाकल्या आहेत. कुठल्याशा मदतीसाठी तिची ओळख पटवायची होती. यंत्रावर तिने दहाही बोटे दोन-दोनदा टेकवली. दर वेळी लाल अक्षरे: ‘जुळत नाही.’ शेवटी ती यंत्राला नव्हे, मला म्हणाली, ‘मास्तरानू, माझी बोटां झिजली, मी नाय झिजलंय.’ आणि टोपली उचलून चालती झाली.

या ठिकाणी माझ्यातला विनोदी लेखक थोडा वेळ गप्प बसला आणि जुना मास्तर जागा झाला. कारण मला हजेरीपट आठवला. वर्गात आलेला मुलगा नापास झाला तर त्याची नोंद राहते. पण जो दारातूनच परत गेला, त्याची नोंद कुठे?

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. चांगला कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली पाहिजे. नाकारायची तर कारण लेखी दिले पाहिजे. त्यावर अपील आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण ही मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्या दिवसापासून. आता बघा गंमत. मावशीचा अर्ज नामंजूर झाला काय? नाही. तो दाखलच झाला नाही. मग नाकारले कुणी? कुणीच नाही. लेखी कारण? लाल अक्षरे होती, ती पान बंद केल्यावर गेली. अपील? कशाविरुद्ध? खिडकीवरच्या कारकुनाने ‘नाही’ म्हटले तर त्याला निदान एक तोंड असे. वरच्या साहेबाकडे जाऊन ‘तो चष्मेवाला’ म्हणून सांगता यायचे. पूर्वी अर्ज नामंजूर व्हायचे. आता होतच नाहीत. आणि महिन्याअखेरी तक्त्यात लिहिले जाते की आलेले सर्व अर्ज मुदतीत निकाली. ते खोटे नसते. आलेले सर्व!

अर्धवट सोडलेले अर्ज यंत्राला मोजता येत नाहीत असे नाही. दुकानदार मंडळींची संकेतस्थळे बघा. टोपलीत घातलेला शर्ट विकत न घेता तुम्ही निघालात, तर संध्याकाळी आठवण येते, ‘आपण काही विसरलात का?’ शर्टासाठी जे यंत्र माणसाच्या मागे धावते, ते पेन्शनीसाठी उठूनही उभे राहत नाही. माझ्या मते अर्जांच्या सुधारणेतली पहिली ओळ हीच असायला हवी: किती आले हे सांगू नका, किती परत गेले आणि कुठल्या चांदणीपाशी गेले ते सांगा.

बाकीच्या सुधारणा जगाने करून ठेवल्या आहेत. अमेरिकेत १९८० साली कागदपत्रे कमी करण्याचा कायदाच झाला. तिथल्या केंद्र सरकारच्या अर्जांवर तो भरायला सरासरी किती मिनिटे लागतील हे छापलेले असते. आपल्याकडेही छापावे: ‘वीस मिनिटे, सड्यावर जाण्यायेण्याचा वेळ वेगळा.’ एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे. तिथे सरकारला एकदा सांगितलेली गोष्ट सरकारने पुन्हा विचारायची नाही असे तत्त्व आहे. आपल्याकडे हे तत्त्व फक्त सासरेबुवांनी पाळलेले मी पाहिले आहे, आणि त्यांना ऐकू कमी येत असे.

तोपर्यंत आपला भार आहे तो तालुक्याच्या सेवा केंद्रात बसणाऱ्या मुलीवर. खरे सॉफ्टवेअर तीच. कुठल्या अर्जाला ‘व्ही’ लागतो आणि कुठल्याला ‘डब्ल्यू’, कुठला फोटो किती केबीचा, दुपारी सर्व्हर कधी जेवायला जातो, हे तिला तोंडपाठ. मावशीला तिनेच परत बोलावून आणले, कोमट पाण्यात बोटे बुडवायला लावली, पुसली, आणि अंगठा न टेकवता करंगळी टेकवली. जुळली! कुठल्याही सूचनापुस्तिकेत करंगळी नाही. ती त्या मुलीच्या डोक्यात आहे, आणि तिची बदली झाली तर ती सुधारणा तिच्याबरोबर जाईल.

शेवटी आमच्या कोकणातल्या एका जुन्या अर्जाविषयी सांगून ही समीक्षा संपवतो. त्याला गाऱ्हाणे म्हणतात. देवळात गावकर उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतो आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून सही करतात. त्यात नाव चुकले तरी चालते, एखादा देव राहून गेला तरी चालते. कारण झाली चूक पदरात घेण्याची विनंती अर्जातच अंतर्भूत असते. इतका उदार अर्ज दुसरा नाही. अर्ज तयार करणाऱ्या मंडळींनी एकदा मालवणात येऊन तो ऐकावा. आमच्याकडून नमुन्यादाखल एक इथे सादर:

बा देवा सर्व्हरा म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
आज ह्यो जो काय अर्ज तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तेची पावती आधी दी, तपासणी मगे कर!
व्हय म्हाराजा!
एकदा सांगलेला परत इचारू नको, आणि रेंज गेली तर भरलेला पुसू नको!
व्हय म्हाराजा!
कोणाची बोटां झिजली आसात तर माणूस झिजलो असा समजू नको!
व्हय म्हाराजा!
आणि अर्ध्या वाटेरसून जो कोण परत फिरलो आसात, तेचा नाव खंयतरी लिवन ठेव, आणि तेका हाक मार रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!